वर्गातलं कृतिसंशोधन पहिल्यांदा करताय? मग आधी डेटाचं बोलू

आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, जून संपत आलेला असतो. मग जुलैत केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद होते, तिथं कृतिसंशोधनाचा (आपल्याच वर्गातली एक अडचण घेऊन उपाय करून बघायचा आणि फरक पडला का ते नोंदवायचं) विषय निघतो आणि नवीन लागलेले सर-मॅडम चहाच्या वेळी जवळ येऊन विचारतात, हे करायचं कसं. नमुना अहवाल सगळ्यांकडे असतो, व्हॉट्सॲपवर फिरतच असतो, त्यात शीर्षक, उद्दिष्टं, गृहीतक, कार्यवाही, निष्कर्ष असे सगळे मथळे आहेत. अडतं एकाच जागी, आकडे आणायचे कुठून आणि आणले तर त्यांचं करायचं काय. मग वर्षभर शिकवून होतं, मार्च येतो, आणि आठवून आठवून पूर्वचाचणी-उत्तरचाचणीचा (उपक्रमाच्या आधीच्या आणि नंतरच्या चाचणीचा) तक्ता भरला जातो. तो तक्ता कोणाच्याच कामाचा नसतो, भरणाऱ्याच्याही नाही.

मी नागपूरच्या कडेला एका शाळेत चौथीला शिकवते. पहिल्या दोन वेळा माझंही हेच झालं, म्हणून हे सगळं पायरी-पायरीनं लिहून राहिले. पीएचडीचं संशोधन डोक्यातून काढा. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४०च्या दशकात कृतिसंशोधन हा शब्द आणला, १९५०च्या दशकात स्टीफन कोरी यांनी तो अमेरिकेतल्या शाळांत नेला, आणि तेव्हापासून कल्पना तीच आहे: ठरवा, करा, बघा, विचार करा, आणि परत ठरवा. यातलं "बघा" म्हणजे डेटा, आणि बहुतेकांचं काम तिथंच निसटतं.

१. आधी कॅलेंडर काढा

ही पायरी कोणत्याच नमुन्यात नसते पण मी पहिली हीच सांगते. सहा ते आठ सलग आठवडे लागतात आणि आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत. जुलैचा पहिला आठवडा प्रवेश, पुस्तकं, याद्या यातच जातो. ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरच्या सुरुवातीला पोळा येतो, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, त्या दिवसांत वर्ग अर्धा असतो, मग गणपती. पुढे पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन, दसरा, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीला घरचे सगळे जातात तर पोरंही जातात, पाहुणे आले तर दोन दिवस आधीपासूनच येत नाहीत. दिवाळीनंतर काटोल, नरखेड, सावनेरकडच्या शाळांत कापूस वेचणीमुळे आणि संत्र्याच्या तोडणीमुळे हजेरी पडते, मोठी पोरं वावरात जातात आणि लहान भावंडांना सांभाळायला मधली घरी थांबतात. मार्चपासून सकाळची शाळा, तास छोटे होतात आणि एप्रिलच्या उन्हात कोणी लक्ष देईल अशी अपेक्षाच करू नका.

म्हणून शहरात असाल तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून पोळ्यापर्यंत, किंवा नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, एवढ्या दोनच खिडक्या धरा. कापसाच्या पट्ट्यात असाल तर पहिलीच धरा. उत्तरचाचणी सणाच्या आदल्या दिवशी कधीच ठेवू नका. मी एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी ठेवली होती, वर्गात ११ पोरं होती.

२. प्रश्न छोटा करा, मग अजून छोटा करा

"विद्यार्थ्यांच्या गणितातील अडचणींचा अभ्यास" हा प्रश्न होत नाही, त्यासाठी काय मोजायचं हेच कळत नाही. "चौथीची पोरं वजाबाकीत कमी पडतात" हे थोडं बरं. "चौथीतली काही पोरं वरच्या संख्येत मधे शून्य आलं की हातच्याची वजाबाकी चुकतात, त्यांच्याकडून रोज १० मिनिटं काड्या-गठ्ठे घेऊन करून घेतलं तर ती चूक कमी होते का" हा झाला प्रश्न. यात कोण, कोणती चूक, काय करणार, किती वेळ, सगळं आहे, आणि काय मोजायचं ते आपोआप ठरतं.

स्वतःला एक विचारून बघा, हा आकडा मला मिळाला तर सोमवारी वर्गात मी काय वेगळं करीन? उत्तर सुचत नसेल तर तो आकडा गोळाच करू नका. पालकांचं उत्पन्न, आईचं शिक्षण, घरी टीव्ही आहे का, भावंडं किती, हे सगळं नमुना प्रश्नावलीत असतं म्हणून लोक भरून घेतात आणि मग त्याला हात लावत नाहीत. आपल्याला आधीच सरल, यू-डायस, शिष्यवृत्ती, पोषण आहार अशा किती ठिकाणी माहिती भरावी लागते, त्यात स्वतःहून अजून एक ओझं कशाला घ्यायचं.

३. गुण नको, उत्तर लिहून ठेवा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझं सगळं काम यानंच बदललं.

४०२ वजा १७८ हे गणित घ्या. बरोबर उत्तर २२४. समजा एका पोरीनं ३७६ लिहिलं आणि एका पोरानं २३४. तपासताना आपण दोघांनाही चूक देतो, तक्त्यात दोघांपुढे शून्य. पण जरा बघा ना काय झालंय. ३७६ लिहिणारी पोरगी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करून राहिली, आठातून दोन सहा, सातातून शून्य सात, चारातून एक तीन, म्हणजे तिच्या डोक्यात हातचा घेणं ही गोष्टच अजून नाही. २३४ लिहिणाऱ्या पोराला हातचा येतो, त्यानं शतक सुटं केलं, पण दशकाच्या घरात १० आल्यावर त्यातला एक एककाला दिला हे विसरला आणि ९ च्या जागी १० च धरून बसला. पोरीला काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात करायला पाहिजे, पोराला दोन दिवसांत समजेल. दोघांना एकच "शून्य गुण" लिहिलं की ही सगळी माहिती गेली, आणि सहा आठवड्यांनी आपल्याला फक्त एवढंच कळतं की सरासरी वाढली की नाही वाढली.

म्हणून नोंदीच्या वहीत पोराच्या नावापुढे (म्हणजे कोडपुढे, ते खाली सांगते) त्यानं लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहा. पाच गणितं पुरेत, पण ती मुद्दाम निवडलेली पाहिजेत: एक बिनहातच्याचं, एक एककात हातचा, एक दशकात हातचा, दोन मधे शून्य असलेली. २० गणितांची छापील चाचणी देऊन गुण मांडण्यापेक्षा ही पाच जास्त बोलतात, आणि तपासायला अर्धा तास लागतो.

भाषेतही तसंच. वाचनाला "१० पैकी ६" दिलं तर काहीच कळत नाही. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे असरच्या (खेड्यांतल्या मुलांचं वाचन-गणित बघणाऱ्या पाहणीच्या) चाचणीमुळे सगळ्यांना माहीत आहेत, निपुणच्या (पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेच्या) कामातही आपण पोरांना पातळीनुसारच बघतो, तर तीच पातळी लिहा आणि बाजूला अडखळलेले दोन-तीन शब्द लिहा. जोडाक्षरावर अडतंय की वेलांटीवर की नुसतं घाबरून थांबतंय, हे त्या दोन शब्दांतच दिसतं.

४. परवानगी, आणि नावं लपवणं

मुख्याध्यापकांना आधी सांगा, तोंडी नको, अर्ध्या पानावर लिहून द्या आणि त्यांची सही घ्या. ते बदलून गेले तर नवीन येणाऱ्यांना परत सांगायची वेळ येत नाही.

पालकांचं बरेच जण सोडून देतात, कारण वर्गात शिकवतोच आहोत तर वेगळं काय विचारायचं असं वाटतं. शिकवायला परवानगी लागत नाही हे बरोबर, पण मुलाचं लिखाण, आवाज, फोटो वर्गाबाहेर कोणाला दाखवायचा असेल तर विचारायलाच पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर आहे. मला कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, आपल्या वर्गातले पालक मॅडमला नाही म्हणत नाहीत. म्हणून नाही म्हणणं सोपं करून द्यावं लागतं. मी पालकसभेत मोठ्यानं हे वाचून दाखवते, लागलं तर हिंदीतही सांगते:

"मी जुलै ते सप्टेंबर वजाबाकी शिकवायची एक वेगळी पद्धत वर्गात करून बघणार आहे. ज्यांची चूक होते त्या सगळ्या मुलांना ती शिकवणार. कोणाची कुठली चूक होते ते मी वहीत लिहून ठेवीन आणि नाव न सांगता दुसऱ्या शिक्षकांना दाखवीन. तुमच्या मुलाचं त्यात नको असेल तर आत्ता किंवा नंतर कधीही सांगा, त्याला शिकवण्यात काहीच फरक पडणार नाही."

एवढंच. आणि पोरांनाही सांगा, त्यांच्या भाषेत. आमच्या वर्गातल्या पोरी विचारतात, "मॅडम, हे परीक्षेत धरणार का?" नाही धरणार हे स्पष्ट सांगितलं की लिहिताना हात मोकळा होतो.

नावांच्या जागी कोड वापरा, पण हजेरी क्रमांक कोड म्हणून घेऊ नका, तो तर सगळ्या शाळेला माहीत असतो. मी झाडांची नावं देते, कडुनिंब, पळस, बाभूळ, मोह, आणि कोणतं झाड म्हणजे कोण ही यादी वेगळ्या कागदावर घरी ठेवते. आधार नंबर, स्टुडंट आयडी, जात, यातलं काहीही या वहीत येऊ देऊ नका. आणि "अप्रगत मुलांची यादी" म्हणून भिंतीवर किंवा ग्रुपवर कधीच टाकू नका, त्या यादीतलं पोर वर्षभर त्या नावानं ओळखलं जातं.

५. चाचणी आधी दुसऱ्या पोरांवर करून बघा

शेजारच्या तुकडीतली चार-पाच पोरं घ्या, प्रश्न द्या, आणि नंतर त्यांना विचारा की तुला काय विचारलंय असं वाटलं. तुम्हाला आश्चर्य वाटेल. "फरक किती" यातला फरकच काहींना कळत नाही, मग ती बेरीज करतात. ती भाषेची अडचण आहे, गणिताची नाही, आणि आपण मात्र ती गणिताची म्हणून मोजली असती.

आपल्याकडे तर भाषेचा मामला फार जपून बघावा लागतो. घरी वऱ्हाडी बोलणारं पोर "काळा बैल" वाचताना "काया बैल" म्हणतं, "शाळा"ला "शाया", "पाणी"ला "पानी". हिंदीभाषक घरातलं पोर "काला" म्हणतं. रामटेक, देवलापारकडे गोंडी बोलणारी पोरं असतात, तिकडं अजून वेगळं. आता तपासणाऱ्यानं हे चूक धरलं तर एकाच परिच्छेदात सहा-सात चुका पडतात आणि चांगलं वाचणारं पोर खालच्या पातळीवर जातं. एका सरांनी चूक धरली आणि दुसऱ्या मॅडमनी नाही धरली तर तो डेटा एकमेकांशेजारी ठेवताच येत नाही.

म्हणून नियम आधी लिहून ठेवा. माझा नियम असा आहे: पोर सगळीकडेच ळ चा य करत असेल आणि अर्थ विचारल्यावर बरोबर सांगत असेल तर ती वाचनाची चूक नाही. कधी ळ बरोबर, कधी भलतंच, आणि अर्थ सांगता येत नाही, तर चूक. प्रमाण उच्चार शिकवायचा तर शिकवा, पण तो वेगळा विषय आहे, वाचता येतं का या प्रश्नात तो मिसळू नका. "का"च्या जागी "काहून" म्हणून प्रश्न विचारणारं पोर प्रश्न विचारूनच राहिलं ना.

आवड-निवडीच्या प्रश्नावल्या लहान पोरांना देऊ नका असंच मी म्हणेन. मी तिसरीच्या पोरांना "तुला गणित आवडतं का" विचारलं होतं, हसरा चेहरा-रडका चेहरा देऊन, सगळ्यांनी हसरा रंगवला, कारण मॅडम समोर उभी होती आणि मॅडम गणित शिकवते. त्यापेक्षा ती काय करतात ते बघा. मोकळ्या तासाला गणिताच्या कोपऱ्यात कोण गेलं, न विचारता कोण फळ्यावर आलं, कोणी पहिल्यांदा हात वर केला. हे मोजता येतं आणि ते खरं असतं.

६. पूर्वचाचणी एकदा नको, दोनदा

आपण काय करतो, एक चाचणी घेतो, तळाची आठ पोरं निवडतो, त्यांच्यावर उपक्रम करतो, परत चाचणी घेतो आणि वाढ दाखवतो. यात एक गडबड आहे जी कोणी सांगत नाही. त्या दिवशी तळाला आलेल्यांपैकी काहींना ताप असतो, कोणी उपाशी आलेलं असतं, कोणाच्या घरी रात्री भांडण झालेलं असतं. परत चाचणी घेतली की यातली काही पोरं काहीही न शिकवता वर येतात. आणि आपण म्हणतो उपक्रम यशस्वी झाला.

उपाय सोपा आहे, आठवड्याच्या अंतरानं दोनदा घ्या आणि दोन्ही वेळा ज्यांची तीच चूक दिसते त्यांनाच निवडा. पाच गणितांची चाचणी असेल तर दोनदा घ्यायला जड जात नाही.

दुसरं, आधीची आणि नंतरची चाचणी अगदी तीच असेल तर पोरं उत्तरं आठवून लिहितात, आणि वेगळी असेल तर कोणती सोपी होती हे कळत नाही. मी दोन संच करते, एकात ४०२ वजा १७८ तर दुसऱ्यात ५०३ वजा २६७, तशाच धाटणीची. अर्ध्या वर्गाला आधी पहिला संच आणि शेवटी दुसरा, उरलेल्या अर्ध्याला उलट. एक संच सोपा निघालाच तर तो दोन्हीकडे सारखा वाटला जातो.

७. रोजची वही

ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी. मोठं निरीक्षणपत्रक करू नका, ४० पोरांच्या वर्गात ते तिसऱ्या दिवशी बंद पडतं आणि दोन वर्ग एकत्र सांभाळत असाल तर पहिल्याच दिवशी. दिवसाला पाचच पोरं बघा. सोमवारी ही पाच, मंगळवारी ती पाच, आठवड्यात २५-३० होतात.

वहीत एका दिवसाला चार ओळी: तारीख आणि कोण गैरहजर, आज उपक्रम खरंच झाला का आणि किती मिनिटं, त्या पाच जणांनी काय केलं, आणि मला खटकलेलं काहीतरी. लिहायची वेळ ठरवून टाका, माझी खिचडी वाटून झाल्यावरची पंधरा मिनिटं आहे. घरी जाऊन लिहीन म्हटलं की राहतं, आणि शनिवारी बसून सहा दिवसांचं लिहिलं तर ते आठवणीतलं असतं, आणि आठवणीत आपल्याला आपलं चांगलंच जास्त राहतं.

दुसरी ओळ कधीच गाळू नका. मी एका वर्षी ३० दिवसांचा उपक्रम ठरवला होता, वही मोजली तर १९ दिवस झाला होता, बाकीचे दिवस प्रशिक्षण, मतदार यादीचं काम, पाऊस, एक दिवस माझीच रजा. अहवालात ३० लिहिले असते तर कोणी विचारलंही नसतं. पण मग पद्धत कमी पडली की दिवस कमी पडले हे मलाच कळलं नसतं. १९ च लिहा.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचा मोह होतो, पण तासाभराचं रेकॉर्डिंग परत ऐकून लिहायला तीन-चार तास लागतात आणि ते कोणी करत नाही. दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्या, एखादं पोर गणित कसं केलं ते मोठ्यानं सांगतंय तेवढाच. त्याच संध्याकाळी ऐका, दोन ओळी लिहा आणि क्लिप काढून टाका. वहीच्या पानाचा फोटो मात्र दर शनिवारी काढून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. माझी एक वही पावसात दप्तरासकट भिजली होती, जुलैचं सगळं गेलं, ते दुःख मी परत नाही घेणार.

८. तपासणार कोण

शिकवणारे आपण, उपक्रम आपला, तपासणारेही आपणच. यात कोणी मुद्दाम खोटं करत नाही, पण ज्या पोरासाठी सहा आठवडे जीव काढला त्याचं अर्धवट ६ दिसलं की आपण ते ६ च वाचतो, ० नाही वाचत. हे माणसाचं होतंच.

आधीचे आणि नंतरचे पेपर एकत्र करा, तारखेची आणि नावाची पट्टी दुमडून स्टेपल मारा, पत्त्यांसारखे पिसा आणि शेजारच्या मॅडमना द्या. कोणता पेपर जुलैचा आणि कोणता सप्टेंबरचा हे त्यांना कळलं नाही पाहिजे. बदल्यात तुम्ही त्यांचे तपासून द्या. तोंडी वाचनाचं असं झाकून तपासता येत नाही, तिथं निदान सहा-सात पोरं दोघांनी शेजारी बसून वेगवेगळी नोंदवा आणि मग पातळ्या जुळतात का बघा. नाही जुळल्या तर नियम परत लिहा, पोरांचं चुकलेलं नाही.

एकशिक्षकी शाळा असेल तर केंद्रातल्या दुसऱ्या शाळेशी जोडी लावा, केंद्रप्रमुखांना सांगितलं तर ते लावून देतात.

९. गैरहजर पोरांचा हिशेब

आता आकडे मांडायची वेळ. समजा पूर्वचाचणीला ३० पोरं होती, २० गुणांची चाचणी, सरासरी ९. उत्तरचाचणीला २४ पोरं, सरासरी १२. तीन गुण वाढले, टाळ्या. थांबा. ती सहा पोरं कोण होती जी दुसऱ्यांदा नव्हती? समजा त्यांची पूर्वचाचणीतली सरासरी ३ होती, म्हणजे सहांचे मिळून १८ गुण. तीसांची बेरीज २७०, त्यातून १८ काढा, उरले २५२, भागिले २४, आले साडेदहा. म्हणजे शेवटपर्यंत असलेली २४ पोरं आधीच साडेदहावर होती. खरी वाढ दीड गुणाची. उरलेला दीड गुण फक्त सहा पोरं न आल्यामुळे वाढला.

आणि न येणारी पोरं कोणती असतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वीटभट्टीवर गेलेली, मामाकडे पाठवलेली, लहान बहिणीला घेऊन घरी बसलेली. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं तीच तक्त्यातून गळतात आणि तक्ता छान दिसतो. मला यामुळे खरंच वाईट वाटतं, कारण कोणी फसवत नाही तरी फसवणूक होते.

म्हणून तीन गोष्टी. तुलना फक्त दोन्ही वेळा असलेल्यांचीच करा. गैरहजर किती आणि त्यांची सुरुवातीची पातळी काय होती हे वेगळं, ठळक लिहा. आणि ती पोरं परत आली की आठवड्याच्या आत त्यांची चाचणी घ्या, मग तो आकडा "उशिरा घेतलेला" म्हणून लिहा, शून्य म्हणून नको. रिकामी जागा रिकामीच ठेवा, एक्सेलमध्ये शून्य टाकलं तर ते सरासरीत जाऊन बसतं, आणि गैरहजर पोर नापास होतं.

टक्केवारीचंही जपा. २० पोरांच्या वर्गात एक पोर म्हणजे ५ टक्के. "१५ टक्के वाढ" म्हणजे तीन पोरं. मग तीन पोरंच लिहा ना, वाचणाऱ्याला जास्त कळतं. सरासरीपेक्षा प्रत्येक झाडासाठी एक ओळ काढा, पळस आधी कुठं, नंतर कुठं. मला असं एकदा दिसलं की सरासरी वाढली होती पण तीन पोरं खाली आली होती, आधी बिनहातच्याची बरोबर करायची ती आता सगळीकडेच हातचा घेत होती. ते सरासरीत कधीच दिसलं नसतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मला त्याच तिघांची गरज होती.

टी-मूल्य (दोन सरासऱ्यांतला फरक नुसता योगायोग आहे का ते तपासायचा आकडा) काढायचं का असं बीएड-एमएडची मंडळी विचारतात. कोणी मागितलं तर काढा, एक्सेल काढून देतं. पण २० पोरांवर आणि तुलनेला दुसरा गट नसताना त्यावरून "या पद्धतीमुळेच झालं" असं म्हणता येत नाही. तेवढ्या आठवड्यांत पोरं तशीही मोठी होतात, शिकवणी लागलेली असते, घरी मोठी ताई करून घेते. "माझ्या वर्गात असं दिसलं" एवढं म्हणणं पुरे.

१०. आता याचं करायचं काय

शेवटापर्यंत थांबू नका. तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी अर्धा तास वही घेऊन बसा, ही तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ज्यांची चूक गेली त्यांना गटातून बाहेर काढा, ज्यांची तशीच आहे त्यांच्यासाठी काहीतरी बदला. माझ्या वर्गात काड्यांवर सगळ्यांना यायचं पण वहीवर आलं की तीच चूक, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात मी मधे खेळातल्या नोटा आणल्या, शंभराची मोडून दहा-दहाच्या, त्यातली एक मोडून सुट्टे. किराण्याच्या दुकानात जाणाऱ्या पोरांना ते लगेच जुळलं. बदल केला तर तारखेसह लिहा. उपक्रम मधेच बदलला म्हणून संशोधन बिघडत नाही, न लिहिता बदलला तर बिघडतं.

पोरांना त्यांची स्वतःची ओळ दाखवा, एकेकट्याला, दुसऱ्याची नाही. "जुलैत तू इथं शून्याला अडखळायचास, आता बघ."

अहवालात न जमलेलंही लिहा. नवीन शिक्षकांना याची भीती वाटते, निष्कर्ष नकारात्मक आला तर वरचे काय म्हणतील. पण शिक्षण परिषदेत मी १९ दिवसांचं आणि त्या तीन पोरांचं सांगितलं तेव्हाच लोकांनी वह्या काढल्या, कारण ते त्यांच्याही वर्गात होत होतं. सगळं छान झालं असं सांगणाऱ्या अहवालावर कोणी एकही प्रश्न विचारत नाही.

आणि एप्रिलमध्ये, पोरं पाचवीत जायच्या आधी, एक पान वेगळं करा. गुण नको, टक्के नको. अजूनही शून्याला अडखळणारी ही चार, दोन दिवस नोटा घेऊन बसवलं तर होतील. अजून गठ्ठ्यांवरच असलेली ही दोन. दिवाळीनंतर दोन महिने बाहेरगावी असणारा हा एक, त्याची चाचणी राहिली आहे. हे पान पाचवीच्या शिक्षकांच्या हातात द्या, तिथं मात्र खरी नावं लागतील, म्हणून हातातच द्या, ग्रुपवर नको. ते झालं की झाडांची यादी फाडून टाका.